दुसरा रिमोट

एप्रिल उजाडला, शाळांच्या परीक्षा आटोपल्या, की दादरच्या पोर्तुगीज चर्चच्या आवारात रविवारच्या मिस्सेनंतर एक प्रश्न आमच्या वाट्याला हमखास येतो. कुणी एक माउली आपल्या मुलाचा दंड धरून पुढे येते आणि म्हणते, "अंकल, हा सारा दिवस मोबाइलवर गेम खेळतो. तुम्हीच सांगा आता याला काहीतरी." आमच्या पांढऱ्या केसांकडे पाहून तिला वाटत असावे, की हे गृहस्थ चार खडे बोल सुनावतील. आम्ही मात्र त्या मुलाला विचारतो, "कोणता गेम खेळतोस, बाळा?" माउलीचा चेहरा उतरतो, मुलाचा उजळतो. मग पुढची पंधरा मिनिटे तो बोलत राहतो आणि आम्ही ऐकत राहतो.

हा प्रश्न एकटीदुकटीचा नाही. आपल्या धर्मग्रामातील बहुतेक घरांत तो आज उभा आहे. म्हणून यंदा त्याचे उत्तर लेखी द्यावे आणि लहानथोरांनी खेळावेत असे काही जुने-नवे संगणकीय खेळ वाचकांपुढे ठेवावेत, असे मनात आले. परंतु आपल्याकडे शिकवण अशी, की आधी कबुली आणि मग पुढचे सारे. तेव्हा यादीच्या आधी आमची कबुली ऐकावी, ही विनंती.

१९९६ सालची गोष्ट. त्या वेळी आमचे बिऱ्हाड गिरगावातल्या एका वाडीत, वडिलोपार्जित घरात होते. खोताची वाडी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना अशा घराचे वर्णन सांगायला नको. लाकडी कठडे, पुढे पडवी, उतरते कौलारू छप्पर आणि वरच्या मजल्यावर जाणारा, घराच्या बाहेरच्या अंगाने चढणारा जिना. आमचा मुलगा तेव्हा तेरा वर्षांचा होता. दृढीकरण संस्काराच्या दिवशी नातेवाइकांनी दिलेल्या पाकिटांतील पैसे त्याने वर्षभर जपून ठेवले होते. एके दिवशी तो मित्रांसोबत लॅमिंग्टन रोडला गेला आणि टी.व्ही.ला जोडायचा गेम घेऊन आला. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचे यंत्र काढले होते. त्याच्या स्वस्त नकलांनी त्या काळी आपला बाजार भरून गेला होता. त्यात पिवळी कॅसेट खुपसायची, चित्र आले नाही तर कॅसेट काढून तिच्यात फुंकर मारायची आणि पुन्हा खुपसायची. त्या फुंकरीने नेमके काय होई हे कुणालाच ठाऊक नव्हते, पण तिच्यावर वाडीतल्या साऱ्या पोरांची अढळ श्रद्धा होती.

त्या यंत्रासोबत दोन रिमोट होते. संध्याकाळी आम्ही कचेरीतून आलो, की मुलगा म्हणे, "डॅडी, एकदा दुसरा रिमोट घ्या ना." आम्ही म्हणू, "नंतर." कधी वर्तमानपत्र असे, कधी पतपेढीचे हिशेब असत, कधी नुसताच थकवा असे. त्यातले कोणतेही कारण खोटे नव्हते.

पुढच्या वर्षी राखेच्या बुधवारी आम्ही त्याला जवळ बसवून त्यागाचे महत्त्व समजावले आणि प्रायश्चित्तकाळातील त्याग म्हणून तो गेम खोक्यात भरून एका अनाथाश्रमात देऊन आलो. तिथल्या धर्मभगिनींनी आमचे आभार मानले. घरी परतताना मनाला मोठे समाधान वाटत होते. वस्तू त्याची, पैसे त्याचे, आणि त्यागाचे पुण्य मात्र आम्ही आपल्या खात्यावर जमा केले होते, हे कळायला आम्हांला पुष्कळ वर्षे लागली. मुलगा भांडला नाही. त्या चाळीस दिवसांत तो संध्याकाळचा बाहेरच्या जिन्यावर बसून राही. ईस्टरनंतर आम्ही नवा गेम आणायची तयारी दाखवली, तेव्हा तो "नको" म्हणाला. दुसरा रिमोट घ्या, असे त्याने आम्हांला पुन्हा कधीही म्हटले नाही.

ही झाली कबुली. आता मुद्द्याकडे वळू.

खेळ म्हणजे वेळेचा अपव्यय, ही समजूत आपल्या घरांत खोल रुजली आहे. ती आपल्या धर्माने दिलेली नाही. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात आपल्या थोर ग्रंथात खेळाचा स्वतंत्र विचार केला आहे. शरीराला जशी विश्रांती हवी, तशी मनालाही हवी, आणि ती विश्रांती खेळात व विनोदात मिळते, असे ते मांडतात. त्यापुढे जाऊन, जो स्वतः कधी खेळत नाही आणि दुसऱ्याच्या खेळावरही विरजण घालतो, त्याच्या वागण्यात दोष आहे, असेही ते म्हणतात. तिथे त्यांनी सुवार्तिक योहानाची एक जुनी आख्यायिका दिली आहे. योहान आपल्या शिष्यांसोबत खेळताना पाहून लोकांना धक्का बसला. योहानाने त्यांच्यातील एका धनुर्धाऱ्याला विचारले, की तू सतत बाण सोडू शकशील काय? तो म्हणाला, तसे केले तर धनुष्य मोडेल. योहानाने सांगितले, मनाचेही तसेच आहे.

आपल्या मातीलाही हा विचार नवा नाही. सापशिडीचा पट आपल्याकडे मोक्षपट म्हणून ओळखला जाई आणि परंपरा त्याचे नाते थेट ज्ञानेश्वरांशी जोडते. सद्गुणांच्या शिड्या, दुर्गुणांचे साप आणि शेवटी वैकुंठ. आणि आपल्या चर्चच्या सणाला मंडपात रंगणारी हाउजी आठवा! तिथे तिकिटे घेताना ज्या आजीबाई सर्वांत पुढे असतात, त्याच नातवाच्या मोबाइलविषयी सर्वांत मोठ्याने तक्रार करतात. अर्थात त्या आम्हांला प्रिय आहेत, कारण हाउजी एकट्याने खेळता येत नाही.

आता यादी. जुन्यांपासून आरंभ करू.

पहिला मान 'टेट्रिस'चा. १९८४ साली मॉस्कोत, सोव्हिएत विज्ञान अकादमीच्या संगणक केंद्रात काम करणाऱ्या अलेक्सी पाजित्नोव यांनी तो रचला. वरून निरनिराळ्या आकारांचे तुकडे पडतात, ते फिरवून खाली नीट बसवायचे, ओळ पूर्ण भरली की ती नाहीशी होते. लालबाग-परळच्या चाळीत वाढलेल्याला हा खेळ शिकवावा लागत नाही. दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे, दोन पेट्या, पाण्याचे पिंप आणि गावाहून आलेला पाहुणा इतके सगळे रात्री झोपायच्या आधी नीट बसवणारी आई ज्यांनी पाहिली, त्यांनी टेट्रिसचा सर्वश्रेष्ठ खेळाडू पाहिलेला आहे. या खेळाला भाषा लागत नाही, वय लागत नाही. डोळे चांगले असलेल्या आजीलाही तो दहा मिनिटांत येतो.

दुसरा 'सुपर मारिओ ब्रदर्स', १९८५ सालचा. मिशीवाला नळकारागीर राजकन्येच्या शोधात धावतो, उड्या मारतो, खड्ड्यात पडतो आणि पुन्हा उठतो. यात लहान मुलाला हरण्याची सवय होते, आणि ही सवय आजकाल दुर्मीळ होत चालली आहे. एकाने खेळायचे, तो पडला की दुसऱ्याने, अशी पाळीपाळीने खेळायची सोय त्यात आहे. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हाही एक संस्कारच.

तिसऱ्या खेळाविषयी आम्ही थोडे अधिक लिहिणार आहोत. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' १९८९ साली अमेरिकेत जॉर्डन मेकनर या तरुणाने तयार केला. राजपुत्र तळघरात कैद आहे. साठ मिनिटांच्या आत त्याने राजकन्येपर्यंत पोहोचायचे. साठ मिनिटे संपली की खेळ संपला. पालकांना याहून सोयीचा खेळ कोणता मिळणार! त्या राजपुत्राचे धावणे, लोंबकळणे आणि तोल सावरणे इतके खरे वाटे, की आमच्या कचेरीतले लोक जेवणाच्या सुट्टीत एकाच संगणकाभोवती गोळा होऊन ते पाहत. त्यामागचे रहस्य आम्हांला फार नंतर वाचायला मिळाले. मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला आणि उड्या मारायला लावले, त्याचे चित्रीकरण केले आणि त्यातली एकेक हालचाल संगणकावर उतरवली. खेळाचे संगीत त्याच्या वडिलांनी रचले. फ्रान्सिस मेकनर हे व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ. पुढे मूळ आज्ञावलीच्या फ्लॉप्या हरवल्या त्या हरवल्याच. अखेर २०१२ साली त्या वडिलांनाच घरातल्या एका जुन्या खोक्यात सापडल्या आणि त्यांनी त्या मुलाकडे पाठवून दिल्या. आम्ही हे वाचले तेव्हा वर्तमानपत्र बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिलो. एका बापाने मुलाच्या खेळाला सूर दिला आणि त्याचे खोकेही सांभाळले. आम्ही आमच्या मुलाचे खोके बांधून देऊन आलो होतो.

जुन्यांतील शेवटचा 'सिमसिटी', तोही १९८९ चा, विल राइट यांनी रचलेला. मोकळ्या जमिनीवर शहर वसवायचे. घरे कुठे, कारखाने कुठे, बाजार कुठे, वीज किती, कर किती, हे सारे ठरवायचे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेला गिरणी संप आणि त्यानंतर परळच्या चिमण्यांच्या जागी उभे राहिलेले मनोरे व मॉल ज्या कुटुंबांनी पाहिले, त्यांनी हा खेळ मुलांबरोबर जरूर खेळावा. मुलाने कारखाना पाडून तिथे दुकाने मांडली, की त्याला सहज विचारावे, "आता त्या कारखान्यातली माणसे कुठे जातील रे?" नागरिकशास्त्राचा एवढा चांगला तास आम्ही तरी कोणत्या शाळेत पाहिला नाही.

आता नव्या खेळांकडे येऊ. 'मॉन्युमेंट व्हॅली' हा २०१४ सालचा खेळ मोबाइलवर मिळतो. एक लहानशी राजकन्या अशक्य वाटणाऱ्या इमारतींतून वाट काढते. जिना फिरवला की भिंतीचा रस्ता होतो. यात शत्रूला मारणे नाही, घाई नाही, गोंगाट नाही. थोडक्यात संपतो, हा आणखी एक गुण.

'जर्नी' हा २०१२ सालचा खेळ. झगा घातलेला एक प्रवासी वाळवंटातून दूरच्या पर्वताकडे चालत निघतो. वाटेत दुसरा प्रवासी भेटतो. तो जगाच्या पाठीवरचा दुसरा एखादा जिवंत माणूस असतो, पण त्याचे नाव कळत नाही, त्याच्याशी बोलता येत नाही, फक्त एक सूर काढून साद घालता येते. दोघे जवळ आले की दोघांनाही बळ मिळते. सोबत कुणाची होती, हे खेळ संपल्यावरच कळते. अम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्यांची कथा आपण दर ईस्टरला ऐकतो. ती आठवल्यावाचून आम्हांला हा खेळ पाहता आला नाही.

आपल्या जवळचा म्हणून 'राजी'. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या चमूने तो २०२० साली आणला. राजी नावाची मुलगी असुरांनी पळवलेल्या आपल्या धाकट्या भावाला शोधायला निघते. कथा पुराणांच्या वळणाची आहे. लालबागच्या मंडपांच्या सावलीत वाढलेल्या आपल्या मुलांना ती परकी वाटणार नाही, आणि शेजाऱ्याच्या कथा आदराने ऐकाव्यात हे आपण त्यांना शिकवतोच. लढाया आहेत, म्हणून अगदी लहानांना देऊ नये. पण जिवावर उदार होऊन भावाला शोधणारी बहीण नायिका असलेले खेळ जगात फार नाहीत.

वाचनाची गोडी असलेल्या, दहावी ओलांडलेल्या मुलामुलींसाठी 'पेंटिमेंट', २०२२ सालचा. सोळाव्या शतकातील बव्हेरियातील एक गाव आणि तिथला बेनेडिक्टाइन मठ. छपाईचे युग आले आहे, तरी मठाच्या लेखनशाळेत हाताने पोथ्या रंगवल्या जातात. तिथे काम करणाऱ्या चित्रकाराला एका खुनाचा छडा लावायचा आहे. वेळ मोजकाच आहे, आणि दुपारी कुणाच्या घरी जेवायला बसायचे हेही आपणच ठरवायचे. ज्याच्या ताटाला बसाल त्याचे दुःख कळेल, बाकीच्यांचे राहून जाईल. ख्रिस्तसभेच्या इतिहासातील तो खळबळीचा काळ इतक्या सहानुभूतीने रंगवलेला आम्ही कादंबऱ्यांतही क्वचित पाहिला. इंग्रजी मात्र बरेच वाचावे लागते.

आणि फक्त मोठ्यांसाठी 'दॅट ड्रॅगन, कॅन्सर', २०१६ सालचा. अमेरिकेतील ग्रीन दांपत्याच्या जोएल या बाळाला वयाच्या पहिल्याच वर्षी कर्करोग झाला. २०१४ साली, पाच वर्षांचा असताना, तो देवाघरी गेला. त्याच्या आईवडिलांनी आपली श्रद्धा, शंका आणि प्रार्थना या खेळात मांडल्या. एका दृश्यात रात्रीची वेळ आहे, रुग्णालयाची खोली आहे, बाळ रडते आहे आणि बाप त्याला शांत करू पाहतो. आपण कोणतेही बटण दाबले तरी ते शांत होत नाही. शेवटी बाप प्रार्थना करतो. परळला टाटा रुग्णालयाच्या समोरच्या पदपथावर आजारी लेकरांना घेऊन राहिलेली कुटुंबे आपण येताजाता पाहतो. आपल्यापैकी काहीजण त्यांच्यासाठी डबेही नेतात. त्या आईबापांच्या मनात काय चालते, याची थोडीशी कल्पना आम्हांला या खेळाने दिली. यात जिंकता येत नाही. तरीही आम्ही त्याला खेळ म्हणतो, आणि खेळावा असे सांगतो.

शेवटचा 'माइनक्राफ्ट'. स्वीडनमध्ये जन्मलेला हा खेळ २०११ साली पूर्ण रूपात आला. ठोकळ्यांचे एक अमर्याद जग. खणा, रचा, बांधा. आमचा मुलगा आता मेलबर्नला असतो. त्याचा दहा वर्षांचा मुलगा या खेळात पटाईत आहे. गेल्या वर्षी नाताळच्या सुट्टीत नातवाचा व्हिडिओ कॉल आला. "आजोबा, मी आपलं गिरगावचं घर बांधतोय. तुम्ही पण आत या ना." वडिलोपार्जित घर आता उरलेले नाही. भावंडांच्या संमतीने ते विकले गेले, पाडले गेले आणि आम्ही दादरच्या फ्लॅटमध्ये आलो. नातवाने ते फक्त जुन्या फोटोंत पाहिले होते.

शेजारच्या मुलाने आमच्या टॅबलेटवर खेळ घालून दिला आणि वयाच्या बहात्तराव्या वर्षी आम्ही ठोकळ्यांच्या जगात पाऊल टाकले. पहिल्या पाच मिनिटांत दोनदा विहिरीत पडलो. नातू पोट धरून हसला. मग काम सुरू झाले. पडवी किती रुंद, कठडा कसा, क्रूस कुठे होता, तुळशीवृंदावन असलेले शेजारचे घर किती अंतरावर. आम्ही सांगत होतो, तो रचत होता, आणि अधूनमधून आम्हीही एखादा ठोकळा वेडावाकडा बसवत होतो. जिन्यापाशी गाडी अडली.

"आजोबा, पायऱ्या किती होत्या?"

आम्ही म्हटले, तेरा. पलीकडून आमच्या थोरल्या बहिणीला फोन लावला. ती म्हणाली, बारा. त्या घरात जन्म गेलेली आम्ही दोन माणसे, पण एकमत होईना. इतक्यात नातवाच्या मागून, पडद्यावर न दिसणारा आमचा मुलगा शांतपणे म्हणाला, "चौदा. मी मोजल्यात."

केव्हा मोजल्या, हे त्याने सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. थोड्या वेळाने आम्ही म्हटले, "बाळा, त्या वर्षी आम्ही तुझा गेम द्यायला नको होता." तो काही क्षण बोलला नाही. मग पडद्यावर आला, नातवाच्या शेजारी खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "डॅडी, ते डावीकडचं बटण दाबा. तुम्ही परत विहिरीकडे चाललात."

त्या रात्री जिना पूर्ण झाला. चौदा पायऱ्यांचा.

वाचकहो, खेळ निवडताना काय पाहावे, याची आमची कसोटी या अनुभवातून आली आहे. जो खेळ कुठेतरी थांबतो किंवा थांबू देतो, तो बरा. ज्यात हरल्यावर पुन्हा उठता येते, तो बरा. ज्यात शेजारी दुसऱ्या माणसाला जागा आहे, मग तो खेळणारा असो वा नुसता पाहणारा, तो सर्वांत बरा. आणि ज्यात पैसे लावावे लागतात, तो घरात येऊच देऊ नये. अशा पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केला, तो उगाच नाही. वेळेचे बंधनही हवेच. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या अनावर व्यसनाला आजारांच्या यादीत स्थान दिले आहे, आणि ते व्यसन जडलेली मुले आपल्या ओळखीच्या घरांतही आहेत. अशा वेळी रागावण्याऐवजी तज्ज्ञांची मदत घ्यावी.

बंधन कसे असावे, हे एका मुलाने दाखवून दिले आहे. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्याला संतपद बहाल केले, तो कार्लो अकुतिस संगणकात रमणारा, व्हिडिओ गेम आवडीने खेळणारा मुलगा होता. २००६ साली पंधराव्या वर्षी तो गेला. आठवड्याला एकच तास खेळायचे, असा नियम त्याने स्वतःला घालून घेतला होता, असे सांगतात. तो नियम त्याचा स्वतःचा होता, दुसऱ्या कुणी खोके उचलून नेऊन लादलेला नव्हता. आम्ही १९९७ साली त्यागाचा जो धडा दिला, त्यात नेमके हेच राहून गेले होते.

तेव्हा येत्या सुट्टीत या यादीतला एखादा खेळ घरी आणावा. संध्याकाळची जपमाळ झाली, की मुलाच्या शेजारी बसावे आणि त्याने हाक मारण्याची वाट न पाहता आपणच विचारावे, "दुसरा रिमोट कुठे आहे?" पडाल, हराल, मुले हसतील. हसू द्यावे. आणि मग एखाद्या रविवारी मिस्सेनंतर आवारात आम्हांला गाठून कोण जिंकले तेवढे जरूर सांगावे.